आक्कांच्या खोलीतलं वायफाय



गेल्या महिन्यात मंदिरातून बाहेर पडताना तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या आक्का रोज दुपारी ऑनलाइन स्वाध्यायाला असतात, एकदाही अडकत नाहीत. आमच्याकडं तर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की ते चक्र गोल गोल फिरत बसतं. तुम्ही काय केलंत?" चपला घालता घालता सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहायला बसले. थोडं लांबेल, पण ज्यांची घरं आमच्यासारखी जुनी आहेत त्यांच्या उपयोगी पडेल.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. खाली काळ्या दगडाच्या 2 फुटी भिंती, वर पांढरी माती. पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, पडवी, परसू, आणि परसाच्या पलीकडं एक सुटी खोली. ती आक्कांची. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वय 87. मामंजी गेल्यापासून त्या तिथंच राहतात. सकाळ-संध्याकाळचं सामायिक, जप, वाचन, सगळं त्याच खोलीत. उन्हाळ्यात ती खोली इतकी गार असते की पंखासुद्धा लागत नाही. ती गारवा देणारी भिंतच पुढं आमच्या मुळावर आली.

दोन वर्षांपूर्वी आक्का मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, मंदिराच्या पायऱ्या बंद झाल्या. रोज अभिषेकाला जाणारी बाई, तिचं जगणं एकदम परसापुरतं आलं. त्याच श्रावणात एका रात्री त्यांना चक्कर आल्यासारखं झालं. फोन उशाशी होता, पण त्या खोलीत मोबाइलला रेंज नाही आणि वायफायही नाही. त्यांनी तांब्यावर भांडं वाजवलं. बाहेर धो धो पाऊस. आम्हाला कळलं पहाटे पाचला, मी दूध तापवायला उठले तेव्हा. रात्रभर बाई एकटी बसून णमोकार म्हणत होती.

बेल तर दुसऱ्याच दिवशी बसवली, वायरवाली, साधी. पण ह्यांचं आणि धाकट्या भावजींचं एकमत झालं की आक्कांना सोप्यात आणायचं. आक्का म्हणाल्या, "सोप्यात टीव्ही, येणारेजाणारे, दर अर्ध्या तासाला कुणीतरी चहा पितंय. माझं सामायिक कुठं करू? माझी खोली मला सोडायची नाही." भावजी म्हणाले, "तिथं फोन लागत नाही, तू दिवसभर एकटी." त्यावर आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मैत्रिणी दुपारी 3 वाजता व्हिडिओवर स्वाध्यायाला जमतात, हे त्यांना माहीत होतं. एकदा पडवीत खुर्ची टाकून त्यांनी प्रयत्नही केला होता. पंडितजींचा चेहरा थिजलेला आणि आवाज तुटक. दहा मिनिटांत फोन माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या होत्या.

तर प्रश्न असा होता, की खोलीत वायफाय नेता येतं का, नाहीतर आक्कांनाच खोलीतून हलवायचं.

पहिली चूक मी केली. दुकानात गेले, "वायफाय वाढवायचं काहीतरी द्या" म्हणाले. 1,800 रुपयांचा एक एक्स्टेंडर मिळाला. तो मी नेऊन आक्कांच्याच खोलीत लावला, कारण गरज तिथं होती. फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसल्या. मी आनंदानं हाक मारली. पण चालेना काहीच! मुलाला पुण्याला फोन केला तेव्हा तो हसला. "आई, त्या काड्या फोन आणि एक्स्टेंडरमधल्या आहेत. एक्स्टेंडरलाच पुढून काही मिळत नसेल तर तो आजीला काय देणार?" ज्याला पुढून चांगलं ऐकू येतं आणि मागच्यालाही गाठता येतं, अशा मधल्या जागी तो लावायला हवा होता. मग तो स्वयंपाकघरात लावला. तिथं तो एकाच तोंडानं ऐकणार आणि त्याच तोंडानं पुढं सांगणार, त्यामुळं वेग जवळजवळ निम्मा. पुढं पुन्हा भिंत, परसू, पुन्हा भिंत. तो एक्स्टेंडर आता कपाटात आहे.

दुकानदार मग सहा अँटेनांचा मोठा राऊटर दाखवू लागला. तो घेतला नाही याचं श्रेय मुलाला. तो म्हणाला, "राऊटर मोठ्यानं ओरडेल गं, पण आजीच्या फोनला उत्तरही द्यावं लागतं ना? त्याचा आवाज तेवढाच राहणार." हे मला पटलं. एवढीशी वस्तू, तिनं 2 फुटी दगडातून किती ओरडावं?

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. फोनवर सिग्नल मोजायचं एक फुकट ॲप असतं. ते उणे आकड्यांत सांगतं, एकक डीबीएम. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. साधारण उणे 67 पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे 80 च्या खाली गेलं की आशा सोडायची. एक वही घेतली, रकाने आखले आणि घरभर फिरले. सोप्यात राऊटरजवळ उणे 38. माजघरात उणे 57. स्वयंपाकघरात उणे 69. पडवीत उणे 78. आक्कांच्या खोलीत उणे 86, आणि तेही अधूनमधून गायब. हे 2.4 गिगाहर्ट्झचे आकडे. राऊटर दुसरी, 5 गिगाहर्ट्झची लहरही सोडतो. ती वेगवान, पण भिंतीपुढं लवकर हात टेकणारी. ती स्वयंपाकघरातच संपली होती.

यातली गंमत अशी की 10 नी आकडा खाली गेला म्हणजे ताकद एक दशांश राहिली. 20 नी गेला तर शंभरावा भाग, 30 नी गेला तर हजारावा. सोपा ते स्वयंपाकघर 31 चा फरक, म्हणजे हजारातला एक भागही पुरता उरला नव्हता! बी. कॉम.ला आम्ही घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकलो होतो. एकीत दरवर्षी ठरलेली रक्कम वजा करायची, दुसरीत उरलेल्या शिलकीवर टक्का लावायचा. भिंती या दुसऱ्या पद्धतीनं वजावट करतात. पहिली भिंत मोठा हिस्सा घेते, उरलेल्यातून दुसरी घेते, आणि तिसऱ्या भिंतीपलीकडं पोहोचते ती फक्त चिल्लर. एवढी वर्षं पापडाच्या हिशेबापलीकडं पदवीचा काही उपयोग नाही असं मला वाटायचं.

वहीनं आणखी काही गोष्टी दाखवल्या. इंटरनेटवाल्याच्या माणसानं राऊटर त्याच्या सोयीनं सोप्याच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागं लावला होता. लोखंडाला आपटून सिग्नल परत फिरतो. शिवाय कोपऱ्यातून मागं जायचं म्हणजे लहरींना भिंती तिरक्या कापाव्या लागतात. 2 फुटांची भिंत 45 अंशांत कापली तर ती जवळजवळ 2 फूट 10 इंच होते, हे मी वहीत आकृती काढून पाहिलं. राऊटर 6 फूट सरकवून माजघराच्या दाराच्या रेषेत, उंचावर टांगला, तेवढ्यानं स्वयंपाकघरात उणे 61 झाले. फुकटात. मैत्रिणींनो, पैसे खर्च करण्याआधी एवढं तरी करून पाहा. पुष्कळ घरांचं काम इथंच भागेल.

आमचं भागलं नाही. दोन पावसाळी दिवसांनंतर पुन्हा मोजलं तर पडवीतला आकडा 4 नी घसरला होता. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त खाते. आक्कांच्या खिडकीला तर लोखंडी गज आणि त्यावर बारीक तारेची जाळी. दिव्यावर किडे येऊन मरू नयेत म्हणून ती जाळी आक्कांनीच पूर्वी बसवून घेतली होती. त्या जाळीतून चिलटं आत येत नाहीत, तसं वायफायही येत नाही म्हणा ना. ती काढायचा विषय मी काढलाच नाही.

तेव्हा उपाय एकच राहिला. हवेतून भिंत फोडायचा नाद सोडायचा, सोप्यातून खोलीपर्यंत सरळ वायर न्यायची आणि छोटा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, आक्कांच्या खोलीतच लावायचा. दुसरा एक परसात, पडवीच्या वळचणीखाली, पावसापाण्यात टिकणारा. कारण सकाळचं कोवळं ऊन आक्का परसातच घेतात आणि सुट्टीत पोरंही आडाच्या कट्ट्यावर बसतात. ही वायर 100 मीटरपर्यंत चालते. आमची 60 मीटरमध्ये बसली. त्याच वायरमधून वीजही जाते, त्यामुळं परसात वेगळा प्लग काढावा लागला नाही. आणि वीज गेली तरी सोप्यातल्या एका इन्व्हर्टरवर मागचे दोन्ही डबे चालू राहतात.

इलेक्ट्रिशियन पोरगा चांगला, पण पहिल्या दिवशी स्वस्तातली वायर घेऊन आला. मुलानं आधीच बजावून ठेवलं होतं. मी एक तार सोलून विळीच्या पात्यानं खरवडली. वरून तांबं, आतून पांढरं ॲल्युमिनियम! असल्या वायरीतून वीज नेली तर ती तापते आणि लांबवर ताकद पोहोचत नाही. परत पाठवली. शुद्ध तांब्याची, बाहेरच्या उन्हाला टिकणाऱ्या काळ्या आवरणाची मागवली.

भिंतीतून वायर न्यायला नवं भोक पाडायची गरज नव्हती. टीव्ही नवा नवा आला तेव्हा गच्चीवरच्या अँटेनाची चपटी वायर आणायला माजघराच्या मागच्या भिंतीत एक भोक पाडलेलं होतं. पोरानं बॅटरी मारून पाहिलं तर आत कुंभारणीचं घर. तिनं मातीनं तोंड लिंपून घेतलेलं. तो म्हणाला, "काकू, स्क्रूड्रायव्हरनं एका मिनिटात मोकळं करतो." पडवीतून आक्कांचा आवाज आला, "हात लावू नकोस. तिची पिल्लं आहेत आत." मग स्वयंपाकघराच्या झरोक्यातून वायर काढली. साडेतीन मीटर जास्त लागली, म्हणजे शंभरेक रुपये. पोरगा जरा वेळ आमच्याकडं बघत राहिला, मग त्यानंच वायरला झरोक्याबाहेर खाली एक झोल दिला. पावसाचं पाणी वायरीवरून वाहत येतं, ते झोलाच्या टोकाशी ठिबकतं, आत शिरत नाही.

परसात त्याला चर खणून पाइप पुरायचा होता. तेही नको म्हणालो. आषाढ तोंडावर, जमीन भिजलेली, पहिल्या कुदळीला किती गांडुळं निघाली असती! शिवाय आमच्या गावभागाला दुसरंही कारण आहे. 2005, 2019, 2021, तीनदा कृष्णामाईनं येऊन घर पाहिलंय. 2019 च्या पाण्याची रेघ सोप्याच्या भिंतीवर रंग देऊनही आम्ही तशीच ठेवली आहे. जमिनीतला पाइप म्हणजे पाण्याची टाकीच झाली असती. वायर कुंपणाच्या भिंतीवरून, पाइपात घालून नेली. राऊटर, स्विच, दोन्ही डबे, सगळं त्या रेघेच्या वर. पोराला मी सांगितलं, आधी रेघ बघ, मग खिळा ठोक. विजा कडाडायला लागल्या की मी सोप्यातून मागच्या वायरीची पिन काढून ठेवते, ते आणखी एक काम वाढलं.

हिशेब विचारणारच आहात, तर लिहून टाकते. वायर 1,920, खोलीतला डबा 3,400, परसातला 5,200, वीज पुरवणारा स्विच 2,600, पाइप-क्लिपा 480, मजुरी 1,500. एकूण 15,100 रुपये. कपाटातला एक्स्टेंडर धरला तर 16,900. भावजींनी निम्मे दिले, न मागता.

शेवटी बारीकसारीक. तिन्ही ठिकाणी वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, म्हणजे फोन आपला आपण जवळच्या डब्याला जोडून घेतो. पण फोन मोठे चिवट. सोप्यातून मागं आलं तरी ते जुन्या राऊटरची पाठ सोडत नाहीत. त्याला उपाय उलटा आहे. सोप्यातल्या राऊटरची ताकद सेटिंगमध्ये जाऊन कमी केली, तेव्हा कुठं फोन त्याला सोडायला तयार झाले. डब्यांचे दिवे ॲपमधून बंद केले, रात्री त्यावर किडे येत होते. आणि आक्कांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं, आता रेंज नसली तरी साधा फोनसुद्धा लागतो. खोलीत मोजलं, उणे 41. वहीत त्या आकड्याभोवती मी लाल पेनानं गोल काढला.

त्या दिवसापासून दुपारी पावणेतीनला आक्का पातळ नीट करून, चष्मा पुसून, वॉकर बाजूला ठेवून बसतात. खोली सोडण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. बेळगावच्या वन्सं रोज संध्याकाळी आईचं तोंड बघून मगच सूर्यास्ताआधी जेवायला बसू लागल्या.

आणि मग स्वाध्याय तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाशी आला. देशव्रत. ठरावीक काळासाठी आपल्या जाण्यायेण्याची हद्द आखून घ्यायची. आक्का चातुर्मासात अष्टमी-चतुर्दशीला हे व्रत पूर्वीपासून घेतात, घर आणि परसू एवढीच मर्यादा. पंडितजींनी त्याचे अतिचार समजावून सांगितले. हद्दीबाहेरून वस्तू मागवणं, बाहेर माणूस पाठवणं, शब्दानुपात म्हणजे आवाज देऊन बाहेरच्याला खुणावणं, रूपानुपात म्हणजे आपलं रूप दाखवून खुणावणं, आणि खडा वगैरे फेकणं. स्वाध्याय संपला आणि आक्कांनी बेल दाबली. मी धावत गेले, म्हटलं काय झालं!

"हे बघ," फोनकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, "मी इथं बसून बेळगावला आवाज पाठवते. रूपही पाठवते. चौदसला हे कसं चालेल?"

मी खाली बसले. 15,100 रुपये डोळ्यांसमोरून गेले, खोटं कशाला सांगू. म्हटलं, "आक्का, माताजींना विचारू." त्या म्हणाल्या, "विचार. पण तोवर चौदस थांबणार आहे का?" थोडा वेळ फोन हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आवाज बंद करायचा बावटा कुठला? आणि चेहरा बंद करायचा?" मी दोन्ही बटणं दाखवली. त्यांनी स्वतः दाबून पाहिली, चार वेळा. "आता माझा शब्दही जात नाही आणि रूपही जात नाही. ऐकू तर येतंच. देवळातली घंटासुद्धा घरात बसून ऐकू येते, म्हणून काय कान बंद करते मी?"

तेव्हापासून अष्टमी-चतुर्दशीला स्वाध्यायाच्या पडद्यावर एक काळा चौकोन असतो, त्यावर आक्कांचं नाव. वन्संना त्या दिवशी फोन नाही. पहिल्या चौदसला त्यांचा मला फोन आला, घाबऱ्याघुबऱ्या. "वहिनी, आईचं वायफाय बंद पडलंय का गं?" मी पडवीत उभी होते. जाळीतून आक्का दिसत होत्या, पाठ ताठ, फोन मांडीवर, ओठ पंडितजींच्या मागोमाग हलत होते. म्हटलं, "नाही हो वन्सं, एकदम चालू आहे. उद्या सकाळी बोलतील तुमच्याशी."